तपकिरी कागदाच्या जागी मी

शनिवार, १२ नोव्हेंबर १९८८. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. अंतर शंभर यार्ड, गोळ्या तीन. माझ्या अंगावर तीन भोके पडली ती त्या वेळी, आणि मित्रांनो, माझ्या आयुष्याची मोजणी तिथूनच करायला हवी. त्याआधी मी नुसता कागद होतो.

मी एक जुना नेमाचा कागद आहे. शिकारीची बंदूक जंगलात नेण्यापूर्वी ती सरळ मारते की नाही हे ज्यावर पाहतात, तसला. माझा रंग फिकट पांढरा. अंगभर बारीक रेषांच्या चौकटी, प्रत्येक चौकट एक इंचाची. मधोमध तळहाताएवढा नारिंगी चौकोन, टोकावर उभा केलेला, त्याला जाड काळी किनार. माझा जन्म ज्या लगद्यातून झाला तो लगदा उत्तरेतल्याच सूचिपर्णी झाडांचा होता. छापखान्यात माझ्यावरून दोन रूळ फिरले, पहिल्याने चौकटी उमटवल्या, दुसऱ्याने नारिंगी रंग. तिथला एक मुकादम दर शंभराव्या कागदावर पोलादी पट्टी ठेवून चौकटी मोजत असे. एक केसभर फरक आला तरी तो यंत्र थांबवायचा. म्हणून मी निःशंकपणे सांगू शकतो की माझे इंच खरे आहेत. पुढे जे झाले त्यात मापाची चूक नव्हती.

सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, लोखंडाच्या खाणींच्या एका गावात, वर्ना ट्रेगिअरबाईंचे अवजारांचे दुकान होते. चुलीचे नळकांडे आणि खिळ्यांच्या पेट्या यांच्या मधल्या फळीवर आम्ही पन्नास भावंडे एकावर एक पडून होतो. शेजारी दुसऱ्या जातीचे कागद होते: काळ्या गोलाचे, हरणाच्या चित्राचे, आणि एक बारीक ठिपक्यांचा, जो कुणीच घेत नसे. ऑक्टोबर लागला की दुकानात माणसे येत, आम्हाला उचलत, उजेडाकडे धरत आणि परत ठेवत.

अर्विद निस्कानेन यांना मी तिथेच प्रथम पाहिले. वय एकाहत्तर. खाणीच्या यंत्रशाळेत त्यांनी अडतीस वर्षे कातकामाची हत्यारे धार लावून मोजली होती. सदऱ्याच्या खिशात पेन्सिल, पट्टी आणि भिंग. त्या दिवशी एक माणूस हरणाचे चित्र असलेला कागद घेऊन उभा होता. अर्विदने त्याच्या हातातून तो कागद काढून घेतला.

"हा नको. चित्र पाहिलं की माणूस हरणावर नेम धरतो, एका ठिपक्यावर धरत नाही. गोळी कुठे गेली ते कळतं, पण कुठे जायला हवी होती ते कळत नाही."

"मग हा काळा गोल घेऊ?"

"बंदुकीवरच्या दुर्बिणीतल्या तारा काळ्या, गोल काळा. काळ्यात काळं हरवतं. हा नारिंगी घे. चौकोनाची चार टोकं तारांवर बसव, मग मार. गोळी दोन चौकटी डावीकडे गेली तर दुर्बिणीवरची चकती आठ टिक उजवीकडे फिरव. चार टिक म्हणजे एक इंच. एकेक गोळी मारून फिरवत बसू नकोस, तीन मार, तिन्हींच्या मध्यावरून ठरव."

"अर्विद," गल्ल्यामागून वर्नाबाई म्हणाल्या, "त्याला कागद हवाय. पदवी नकोय."

माझी अशी स्तुती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटले, आपण फार मोठे आहोत.

तो माणूस गेल्यावर अर्विद थोडा वेळ फळीपाशी उभे राहिले. मग त्यांनी सवयीने पाच कागद मोजून घेतले. पाचवा मी होतो. आणि मग, काहीतरी मनात घोळत असल्यासारखे, त्यांनी माझ्या नारिंगी चौकोनावर तळहात ठेवला आणि उचलला. ठेवला आणि उचलला.

इथे मला त्यांच्या छावणीचा नियम सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही.

गावापासून बारा मैलांवर, देवदारांच्या दलदलीच्या कडेला, ओंडक्यांचे एक घर होते. दर नोव्हेंबरात, पंधरा तारखेला शिकार खुली होण्याआधी, आठ माणसे तिथे जमत. हे घर अर्विदच्या वडिलांनी बांधले होते आणि नियमही त्यांचाच. बंदूक तपासायची ती छापील कागदावर. तिथे वाटेल तेवढ्या गोळ्या मारा, चकत्या फिरवा, कुणी विचारणार नाही. पण बंदूक सरळ झाली म्हणजे माणूस सरळ झाला असे नाही, असे म्हातारबा म्हणत. म्हणून त्यानंतर प्रत्येकाने तपकिरी कागदावर तीन गोळ्या मारायच्या. हा तपकिरी कागद किराणा दुकानाच्या पिशवीचा, आणि त्यावर चुलीच्या काजळीने काढलेला अंगठ्याएवढा ठिपका. किनार नाही, चौकट नाही. नोव्हेंबरातले हरीण जसे पाचोळ्यात दिसते न दिसते, तसा तो ठिपका. ती तीन भोके कॉफीच्या डब्याच्या एका जुन्या झाकणाखाली झाकली गेली, तर कागद दारावर ठोकायचा आणि माणसाने जंगलात जायचे. झाकली गेली नाहीत, तर बंदूक कोपऱ्यात, गळ्यात एप्रन, आणि पंधरा दिवस वाटाण्याचे सूप.

वडील गेल्यापासून तीस वर्षे झाकण अर्विदच्या हाती होते. त्यांनी स्वतःच्या मेहुण्याला एप्रन बांधायला लावला होता. एका साली गावच्या पाद्रीबाबांनाही, आणि त्या साली सूप इतके खारट झाले की आठांपैकीच एक, क्लॅरेन्स पेनहेल, अजून त्याची आठवण काढून पाणी पीत असे. कुणी रागावत नसे. अर्विद खोटे बोलत नाहीत, याबद्दल आठही जणांना शंका नव्हती.

अर्विदचे थोरले भाऊ वायनो तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. उंच, बडबडे, मोठ्याने हसणारे. बायको गेल्यापासून ते वर्षभर नोव्हेंबरची वाट पाहत. त्या साली छावणीत पोहोचले आणि कॉफी ओतायला लागले, तर धार कपाच्या बाजूला टेबलावर पडली.

"कप सरकवला कुणी?" ते म्हणाले.

सगळे हसले. अर्विद हसले नाहीत. त्यांनी फडक्याने टेबल पुसले आणि कप भावाच्या हातात दिला.

मग ती बारा तारीख उजाडली. बाकी सात जणांच्या तपकिरी कागदावरच्या गोळ्या आदल्या दिवशीच मारून झाल्या होत्या. वाळूच्या खाणीत लाकडी चौकटीवर मला चार खिळ्यांनी ठोकले. वायनो बाकावर बसले, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली. मला वाटले, हे फक्त बंदूक तपासणार. तीन गोळ्या आल्या. मित्रांनो, दुखते का म्हणून मुले विचारतात. दुखत नाही. एकदम थंड हवा अंगातून आरपार जाते, एवढेच.

अर्विद चालत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी पट्टी लावली. सर्वात दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर एक इंच आणि पाच अष्टमांश. त्यांनी ते पेन्सिलने माझ्या कोपऱ्यात लिहिले. शहात्तर वर्षांच्या माणसासाठी हे अतिशय उत्तम होते. झाकणाखाली असे दोन गट मावले असते.

"आता तपकिरी आण," बाकावरून वायनो ओरडले.

अर्विद माझ्याकडे बघत उभे होते. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती मी नंतर कितीतरी वर्षे आठवत राहिलो. त्यांनी हळूच खिळे उपटले, मला हातात घेतले आणि परत आले.

"तपकिरी भिजलेत," ते म्हणाले. "रात्री छत गळलं. हाच चालेल."

"चालेल? तुला चालेल, धाकट्या? पाद्रीबाबांना तू ओल्या कागदावर मारायला लावलं होतंस."

"झाकणाखाली बसतंय, वायनो. बास झालं."

वायनोंनी बाहीवरची वाळू झटकली. मग हसले. "म्हातारा झालास तू," ते म्हणाले, आणि बंदूक उचलली.

मला दारावर ठोकले. डावीकडे सात तपकिरी कागद, आणि आठवा मी, नारिंगी. मला त्या रांगेत उभे राहण्याचा केवढा अभिमान वाटला होता. आता लाज वाटते. बंदुकीची परीक्षा घ्यायला मी चांगलाच होतो. माणसाची परीक्षा घेण्याचे काम माझे नव्हते.

पंधरा तारखेला उजाडता उजाडता आठही जण बाहेर पडले. पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, दारावरून ऐकलेले आहे. दलदलीच्या काठाला वायनोंनी एका हलत्या आकारावर गोळी झाडली. त्यांना शिंगे दिसली होती. ती शिंगे नव्हती, वाळक्या फांद्या होत्या. फांद्यांमागे एक हरणाची मादी होती आणि गोळी तिच्या मागच्या पायात लागली. आवाज ऐकून क्लॅरेन्स धावत गेला, तेव्हा वायनो पाचोळ्यात गोल गोल फिरत होते.

"रक्त नाही, क्लॅरेन्स. चुकली असेल."

"वायनो," क्लॅरेन्स म्हणाला, "तू रक्तावर उभा आहेस."

त्या दिवशी कुणी शिकार केली नाही. अंधार पडेपर्यंत सगळे तो माग काढत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी कावळ्यांमुळे ती सापडली, दलदलीत पोटापर्यंत रुतलेली. शेवटची गोळी क्लॅरेन्सने घातली.

परतल्यावर सगळे टेबलाशी बसले. कुणाला जेवण गेले नाही. क्लॅरेन्स बूट काढायला दाराशी आला, वाकला, आणि तसाच माझ्याकडे बघत राहिला.

"अर्विद. हा कागद कुणाचा?"

"वायनोचा."

"जंगलात नारिंगी काय असतं, अर्विद?"

 खुंटीवर आठ नारिंगी जाकिटे टांगलेली होती. शिकाऱ्याने शिकाऱ्याला ओळखावे म्हणून घालतात ती.

"आपण असतो," क्लॅरेन्सच म्हणाला. "दुसरं काही नसतं."

वायनो उठले. हात भिंतीला लावत ते चुलीशेजारच्या खणापर्यंत गेले, खण ओढला आणि आत हात घातला. हातात तपकिरी कागदांचा गठ्ठा आला. त्यांनी वरचा कागद बोटांमध्ये चोळला. खडखडीत वाळलेला होता. त्याचा आवाज सगळ्या घरात ऐकू आला.

"भिजलेत म्हणाला होतास."

"वायनो, मला वाटलं..."

"तीस वर्षं तू या घरात प्रत्येकाला खरं सांगितलंस. मेहुण्याला सांगितलंस. देवाच्या माणसाला सांगितलंस. खोटं सांगायला मी एकटाच सापडलो का?"

"तुला एप्रन बांधायचा, ते माझ्याच्यानं झालं नसतं."

"बांधला असता मी. कांदे चिरायला मला दिसतं अजून." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी बंदुकीसाठी येतो असं वाटलं तुला? विचारलंस का कधी?"

त्यांनी टोपी घेतली. क्लॅरेन्सने त्यांना गाडीतून घरी सोडले. त्या साली बाकीचे चौदा दिवस सूप कुणीच केले नाही, डबे उघडून खाल्ले.

अर्विदने मला दारावरून काढले, चार घड्या केल्या आणि आपल्या गाडीच्या पुढच्या काचेवरच्या झडपेत खोचून ठेवले. तिथे मी सहा वर्षे होतो. ऊन लागून माझा नारिंगी रंग विटला, घड्यांवर मी फाटायला आलो. या सहा वर्षांत मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली. बर्फ पडला की अर्विद पहाटे वायनोंच्या घरासमोर गाडी थांबवत, फावडे घेऊन उतरत आणि रस्त्यापासून पायरीपर्यंतचा बर्फ काढत. पायरी झाडून झाली की सरळ उभे राहून खिडकीकडे बघत. पडदा हलत नसे. ते गाडीत येऊन बसत, हात चोळत, आणि कधीकधी झडप खाली ओढून माझी कड नुसती बोटाने चाचपत. मी त्यांच्याशी बोलू शकलो असतो तर काय बोललो असतो, याचा मी खूप विचार केला आहे. 

१९९४ च्या सप्टेंबरात वायनोंची मुलगी लेंपी हिचा निरोप आला. अर्विद गेले ते मला झडपेतून काढून, सदऱ्याच्या खिशात घालून.

"आत या, काका," लेंपीने दार उघडले. "त्यांनीच बोलवायला सांगितलं. चिडचिड करतील, मनावर घेऊ नका."

वायनो खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांचे डोळे उघडे होते, पण आमच्याकडे वळले नाहीत.

"कोण?"

"मी."

"मी म्हणणारे पुष्कळ असतात."

"धाकटा."

 लेंपीने कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव आणून ठेवला आणि ती आत गेली.

"बर्फ तू काढतोस," वायनो म्हणाले.

"हो."

"डाव्या बाजूचा कोपरा राहतो दरवेळी."

"तुला कसं कळतं?"

"पाय घसरला की कळतं."

अर्विदने मला खिशातून काढले, घड्या उलगडल्या आणि भावाच्या मांडीवर ठेवले. म्हातारी, जाड बोटे माझ्यावरून फिरू लागली. एक भोक सापडले, मग दुसरे, मग तिसरे. बोट एका भोकावरून दुसऱ्यावर गेले आणि परत आले. अंगठा आडवा ठेवून त्यांनी अंतर मोजले.

"हा तो?"

"तोच."

"दीड इंच?"

"एक आणि पाच अष्टमांश."

"तू काही बदलणार नाहीस." ते किंचित हसले. मग हसू गेले. "गोळ्या खऱ्या होत्या माझ्या."

"हो."

"तपकिरीवर बसल्या असत्या?"

"मला वाटलं, नाही बसणार."

"मलाही वाटत होतं," वायनो म्हणाले. "त्या वर्षी उन्हाळ्यापासूनच. लेंपीला विचारलं, ती म्हणाली, बाबा, काही नाही हो. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं ठीक आहे. सगळे गोड बोलत होते. म्हणून मी तुझ्याकडे यायची वाट बघत होतो, अर्विद. तू सांगशील म्हणून."

अर्विदने मान खाली घातली. त्यांच्या खांद्यांवरून मला कळले की ते रडत आहेत. वायनोंना ते दिसत नव्हते, पण त्यांनी हात पुढे केला आणि हवेत थोडा शोधून भावाच्या डोक्यावर ठेवला.

"चल, कॉफी पी. निवते आहे."

जाताना अर्विद म्हणाले, "नोव्हेंबरात ये."

"बंदूक घेऊन?"

"कांदे चिरायला."

"सुरी कुठे ठेवलीय ते सांगावं लागेल."

"सांगेन."

"खरं सांगशील?"

"खरं सांगेन."

"मग येतो."

वायनो एकवीस ऑक्टोबरला गेले. पहाटे, झोपेत, लेंपी कॉफी घेऊन जाण्याआधीच. नोव्हेंबर बावीस दिवसांवर होता की अकरा, ते मोजायला त्या घरात कुणाला सुचले नाही. मी मोजले. अकरा दिवस. छावणीपर्यंत बावीस.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी एकच विनवणी आहे, आणि ती माझी काळजी घ्या अशी नाही. कागद जुना होतो, विटतो, त्याचे काही नाही. पण तुमच्या जिवाभावाच्या माणसासमोर कधी सोपा कागद ठेवू नका. त्याला चुकू द्या. चुकलेल्या माणसाला शेजारी बसवून घेता येते. फसवलेल्या माणसाकडे पोहोचायला सहा हिवाळे लागतात, आणि पोहोचल्यावर फार थोडे दिवस उरतात.

शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. अर्विदने मला छावणीच्या दारावर, माझ्या जुन्याच खिळ्यांच्या भोकांत ठोकले होते. शेजारची जागा मोकळी होती. ते वायनोंची बंदूक घेऊन खाणीकडे गेले. मी तीन आवाज ऐकले, सावकाश, एकमेकांपासून लांब. मग ते आणि क्लॅरेन्स परत आले. अर्विदच्या हातात तपकिरी कागद होता. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि झाकण ठेवले.

क्लॅरेन्स वाकून बराच वेळ बघत राहिला.

"वारा होता जरा," तो म्हणाला. "आणि बंदूक तुझ्या सवयीची नाही. एकदा पुन्हा मार की. कुणाला काय कळतंय."

"वारा नव्हता, क्लॅरेन्स."

"सत्त्याहत्तर वर्षांचा आहेस तू."

"एप्रन दे."

क्लॅरेन्सने खुंटीवरचा एप्रन काढून दिला. अर्विदने तो गळ्यात घातला. मागची गाठ त्यांना मारता येईना, तेव्हा क्लॅरेन्सने ती मारली. मग त्यांनी टोपलीतून कांदे काढले, पाटावर ठेवले, आणि शेजारी आणखी एक सुरी ठेवली, मूठ रिकाम्या खुर्चीकडे करून. खिशातून पेन्सिल काढून तपकिरी कागदाच्या कोपऱ्यात झाकणाखाली बसलेल्या गोळ्यांचा आकडा लिहिला आणि कागद माझ्या शेजारी ठोकला. मी तिथून तो रोज वाचतो.

तीनपैकी एक.